कोरड्या तोंडाचे मूल : लाळग्रंथींच्या जन्मजात दोषांविषयी

आपल्या भाषेत लाळेला मान नाही. हांजी हांजी करणाऱ्याला आपण लाळघोट्या म्हणतो, हावऱ्या माणसाची लाळ गळते असे म्हणतो, आणि तान्ह्या बाळाचे लाळेरे ओले झाले की ते चटकन बदलतो. तोंडात असेपर्यंत जिची कोणी दखल घेत नाही आणि तोंडाबाहेर आली की जिची किळस वाटते, अशी ही गोष्ट. आपल्या समाजाच्या इतिहासात तर या किळसेने माणसाच्या माणूसपणावरच घाला घातला. पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्यांना गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे. त्यांची थुंकी जमिनीवर पडली आणि तिच्यावर सवर्णाचा पाय पडला तर तो विटाळेल, अशी समजूत होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या प्रथेचा उल्लेख केला, आणि तो वाचून आजही मान शरमेने खाली जाते, आपली नव्हे, ती प्रथा चालविणाऱ्यांची.

धम्माच्या परंपरेत शरीराकडे पाहण्याची रीत निराळी आहे. कायगतासतीच्या भावनेत शरीराच्या बत्तीस भागांचे एकेक करून स्मरण केले जाते. केस, नखे, दात यांच्याबरोबर त्या यादीत ‘खेळो’ म्हणजे लाळही आहे. तेथे तिचा गौरव नाही, तशी तिची विटंबनाही नाही. जे जसे आहे ते तसे पाहावे, एवढाच त्या स्मरणाचा रोख आहे. त्याच दृष्टीने आम्ही या लेखात लाळेकडे, आणि ती निर्माण करणाऱ्या ग्रंथी जन्मतःच सदोष असलेल्या मुलांकडे पाहणार आहोत.

स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. निवासी शाळेत मुलांचे जेवण, झोप, दात घासणे हे सारे शिक्षकांच्या आणि सेवकवर्गाच्या नजरेसमोर घडते. एखादे मूल प्रत्येक घासागणिक पाणी मागते, कोरडी भाकरी टाकून देते, त्याचे दात भराभर किडतात. अशा मुलाला ‘लाडावलेला’, ‘आळशी’, ‘अस्वच्छ’ ही विशेषणे फार लवकर चिकटतात. क्वचित असेही असते की त्या मुलाच्या तोंडात लाळच नसते. त्याला शिस्तीची नव्हे, तपासणीची गरज असते. हे अंतर ओळखता आले तर त्याचे दात वाचतात, आणि त्याचा आत्मसन्मानही वाचतो.

लाळ काय काम करते?

निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात मात्र मोठा संसार आहे. पिष्टमय पदार्थ फोडणारे अमायलेज हे विकर त्यात असते, म्हणूनच भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. जंतूंना आवर घालणारी लायसोझाइमसारखी द्रव्ये आणि प्रतिपिंडे असतात. तोंडातील आम्ल शमविणारे बायकार्बोनेट असते. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेट असते, आणि ते दातांच्या झिजलेल्या पृष्ठभागावर पुन्हा बसते.

दात किडण्याची क्रिया समजली की लाळेचे मोल कळते. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की तोंडातील जंतू त्यापासून आम्ल बनवितात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की एनॅमल हे दाताचे कठीण कवच विरघळू लागते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, शमविते आणि विरघळलेले क्षार परत आणून देते. ही झीज आणि भरपाई दिवसातून अनेकदा चालते. लाळ नसेल तर झीज तेवढी होते, भरपाई होत नाही. मग कितीही मन लावून दात घासले तरी ते किडतात. लाळ असलेल्या मुलाचे दात थोड्या हयगयीला क्षमा करतात, लाळ नसलेल्याचे करीत नाहीत.

चव कळण्यासाठीही लाळ लागते, कारण पदार्थ विरघळल्याखेरीज तो जिभेवरील रुचिकलिकांपर्यंत पोहोचत नाही. घास गिळायला, स्पष्ट बोलायला, तोंडाच्या आतील नाजूक त्वचा ओली ठेवायलाही तीच लागते.

ही लाळ मुख्यतः तीन जोड्यांच्या ग्रंथींतून येते. पहिली जोडी कानाच्या पुढे-खाली, गालात असते. गालगुंड झाले की सुजते ती हीच. तिची नलिका वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते. दुसरी जोडी खालच्या जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली असते. जबड्याखालच्या ग्रंथींची नलिका जिभेच्या तळाशी, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या बारीक उंचवट्यांवर उघडते. यांखेरीज ओठ, गाल, टाळू यांत शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. एरवी, काही खात नसताना, तोंड ओले ठेवण्याचे काम प्रामुख्याने जबड्याखालच्या ग्रंथी करतात. जेवताना गालातल्या ग्रंथींचा वाटा वाढतो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आणि म्हणूनच रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याला इतके महत्त्व आहे.

गर्भात या ग्रंथी कशा घडतात?

गर्भधारणेनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या तोंडाच्या आतल्या अस्तराला गालाच्या बाजूला एक कळी फुटते. तीच पुढे गालातली ग्रंथी होते. लगोलग जबड्याखालच्या ग्रंथीची आणि आठव्या आठवड्याच्या आसपास जिभेखालच्या ग्रंथीची कळी दिसू लागते. ही कळी खालच्या मऊ ऊतीत शिरते, तिला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात. आरंभी भरीव असलेल्या या फांद्या पुढे आतून पोकळ होतात आणि त्यांच्या नलिका बनतात. टोकांवरच्या पेशी लाळ तयार करायला शिकतात.

कळीने कोठे फुटायचे आणि किती वाढायचे हे तिचे तीच ठरवीत नाही. भोवतालची ऊती रासायनिक निरोप पाठविते आणि कळीच्या पेशी तो निरोप स्वीकारतात. यांतील एक महत्त्वाचा निरोप ‘एफजीएफ-१०’ या प्रथिनाचा असतो. तो पाठविणाऱ्या किंवा स्वीकारणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर कळी फुटत नाही, किंवा फुटून खुरटते. फांदी पोकळ व्हायची राहिली तर ग्रंथी असते पण वाट बंद असते. कळी भलत्या ठिकाणी रुजली तर लाळेची ऊती मानेत किंवा अन्यत्र सापडते. लाळग्रंथींचे बहुतेक जन्मजात दोष या तीन प्रकारांत मोडतात.

ग्रंथीच नसणे

एखादी ग्रंथी एका बाजूला नसेल तर बहुधा काही बिघडत नाही. बाकीच्या ग्रंथी तिचे काम उचलतात आणि माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या चित्रणात ती गोष्ट अचानक दिसते. खरा प्रश्न अनेक मोठ्या ग्रंथी एकाच वेळी नसल्या तर येतो. हा दोष अतिशय दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असल्यामुळेच तो डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही.

काही कुटुंबांत लाळग्रंथींबरोबर अश्रुग्रंथींचाही अभाव असतो. अशा मुलाला रडताना अश्रू येत नाहीत. उलट, डोळ्यांतील पाणी नाकात वाहून नेणारी छिद्रे नसतील तर डोळे सतत पाणावलेले असतात. २००५ साली स्वीडनमधील संशोधकांनी या दोषाचे मूळ एफजीएफ-१० च्या जनुकात असल्याचे दाखविले. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. येथे एक प्रत बिघडली तरी निरोप अपुरा पडतो. त्यामुळे दोष असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, त्यात फरक पडत नाही. कधी आईवडिलांत काहीही नसताना हा बदल मुलामध्येच प्रथम घडलेला असतो.

याच कुळातील आणखी एका विकाराला ‘एलएडीडी’ असे संक्षिप्त नाव आहे. त्यात लाळ आणि अश्रू यांच्याबरोबर कानाची पाळी पेल्यासारखी वळलेली असणे, कमी ऐकू येणे, दात लहान किंवा खुंटीसारखे असणे, अंगठा निराळ्या घडणीचा असणे अशी लक्षणे आढळतात. ट्रीचर कॉलिन्स या विकारात गालाची हाडे आणि बाह्यकर्ण अविकसित राहतात, आणि काही मुलांत गालातली ग्रंथीही नसते. म्हणून चेहरा, कान किंवा हाताच्या बोटांत जन्मजात वेगळेपण दिसले तर एकदा तोंडातील ओलाव्याकडेही पाहावे.

सिंधमधील एक कुटुंब

या विषयाचा एक धागा जुन्या मुंबई इलाख्यापर्यंत येतो. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधील बदलांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पुढचे चारच लहान, दुबळे दात आणि आठ दाढा होत्या. अंगावर केस फार थोडे होते, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा त्यांना फार त्रास होई. मुलींमध्ये हा दोष दिसत नसे, पण त्या मुलींच्या मुलांमध्ये तो पुन्हा प्रकट होई.

आज या विकाराला घाम कमी येणारा बाह्यत्वचा-विकार, म्हणजे ‘एक्टोडर्मल डिस्प्लेझिया’चा एक प्रकार, म्हणून ओळखतात. त्याचे प्रमुख जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि १९९६ साली ते सापडले. मुलग्याजवळ एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्याच्यात दोष पूर्ण प्रकट होतो. मुलीजवळ दोन असल्याने ती बहुधा वाहक असते, तरी तिच्यातही विरळ केस किंवा एखाद-दुसरा दात नसणे अशा सौम्य खुणा दिसू शकतात. त्वचा, केस, दात, घर्मग्रंथी आणि लाळग्रंथी या साऱ्यांचा उगम गर्भाच्या बाहेरील थरातून होतो. म्हणून यांतील अनेक मुलांत लाळही कमी असते.

अशा मुलाला सर्वांत मोठा धोका उन्हाचा. घाम येत नसल्यामुळे त्याचे अंग थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी मैदानावर धावायला लावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला सावलीत बसू द्यावे, अंगावर ओले कापड घेऊ द्यावे, पाणी जवळ ठेवू द्यावे. कवायतीला न येण्यामागे प्रत्येक वेळी कामचुकारपणाच असतो असे नाही.

वाट बंद, वाट चुकलेली

ग्रंथी असते पण तिच्या नलिकेचे तोंड उघडलेले नसते, तेव्हा नवजात बाळाच्या जिभेखाली पातळ, निळसर फुगा दिसतो. दूध पिताना तो वाढू शकतो आणि मोठा असेल तर दूध ओढायला अडथळा करतो. कधी तो आपोआप फुटून वाट मोकळी होते. न झाल्यास शल्यविशारद लहानशी शस्त्रक्रिया करून नवे तोंड तयार करतात. घरी सुईने फोडण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

मानेच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला एखादे सूक्ष्म छिद्र असते आणि जेवताना त्यातून पारदर्शक थेंब झिरपतो. तेथे लाळेची ऊती चुकून रुजलेली असू शकते. कानाच्या खाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याजवळ वारंवार गळू होत असेल, तर त्यामागे गर्भावस्थेतील कल्ल्यासारख्या खाचेचा राहून गेलेला मार्ग असू शकतो. हा मार्ग बहुधा गालातल्या ग्रंथीजवळून किंवा तिच्यातून जातो. डोळा मिटणे, हसणे, ओठ हलविणे ही कामे करणारी चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. म्हणून असे गळू दर वेळी नुसते चिरून घेणे धोक्याचे आहे. दोनदा गळू झाले की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून किंवा बालशल्यविशारदाकडून नीट चित्रण करून घ्यावे.

जन्मानंतर काही आठवड्यांत एका गालात मऊ गाठ वाढू लागते, कधी तिच्यावर लालसर छटाही असते. ही बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ असते. पहिल्या काही महिन्यांत ती झपाट्याने वाढते आणि वर्षानंतर हळूहळू ओसरू लागते. मोठ्या गाठींसाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध उपयोगी पडते, हे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखविले. ते हृदय आणि रक्तदाबावरचे जुने औषध असून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. गाठीवर तापल्या सळईचा डाग देणे, बिब्बा लावणे यांनी गाठ जात नाही, केवळ चेहऱ्यावर कायमचा व्रण राहतो.

सर्वच वेगळेपण म्हणजे रोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सुमारे पाचातील एका माणसाच्या गालात मुख्य ग्रंथीच्या पुढे एक लहानशी जोडग्रंथी असते. ती निरुपद्रवी असते.

आणि लाळ गळणे? चार-सहा महिन्यांच्या बाळाची लाळ गळते ती गिळण्याची सवय अजून पुरी न लागल्यामुळे. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मोठ्या मुलांची लाळ गळते तीही बहुधा गिळण्यावर ताबा नसल्यामुळे. ग्रंथी जास्त लाळ बनवितात म्हणून नव्हे. आईचे डोहाळे पुरे झाले नाहीत म्हणून बाळाची लाळ गळते, ही समजूत निराधार आहे.

ओळखावे कसे?

जन्मतः ज्याचे तोंड कोरडे आहे ते मूल ‘माझे तोंड कोरडे पडते’ अशी तक्रार करीत नाही. ओले तोंड म्हणजे काय हे त्याला कधी ठाऊकच नसते. तक्रार नाही म्हणून दोष नाही, असा निष्कर्ष येथे चालत नाही. पाहावे लागते ते मोठ्यांनाच.

पातळ आहार चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. भात-वरण जाते, पण कोरडी भाकरी, चुरमुरे, शेव, बिस्किट घशात अडकते आणि मूल घासागणिक पाणी पिते. जीभ गुळगुळीत किंवा भेगाळलेली दिसते, ओठांचे कोपरे फुटतात, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते. तोंडात वारंवार पांढरी बुरशी येते. जिभेखाली लाळेचे तळे दिसत नाही.

दातांच्या किडीचा आकृतिबंधही बोलका असतो. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात किडतात, पण खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण ते जीभ आणि जिभेखालची लाळ यांच्या संरक्षणात असतात. ज्या मुलाचे खालचे पुढचे दातही किडले आहेत, त्याच्या लाळेचा विचार झालाच पाहिजे.

याचबरोबर एक समतोल राखावा. किडलेले दात असलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या ग्रंथी उत्तम असतात. तेथे कारण साखर आणि निष्काळजी हेच असते. कोरड्या तोंडाचीही इतर कारणे असतात : नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे, सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधे, आणि विशेषतः मधुमेह. मुलाला फार तहान लागते, लघवी वारंवार होते, वजन उतरते, अशा वेळी त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. त्यात दिरंगाई जिवावर बेतते.

तपासणी अवघड नाही. दंतवैद्य नलिकांची तोंडे आहेत का ते पाहतात, गाल आणि जबड्याखाली हलके दाबून लाळ येते का ते बघतात. ठरावीक वेळात वाटीत जमणारी लाळ मोजतात; प्रौढ माणसात स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी लाळ जमणे हे लाळ अपुरी असल्याचे लक्षण मानले जाते. सोनोग्राफीत ग्रंथी आहे की नाही ते कळते. गरज पडल्यास एमआरआय किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेले चित्रण करतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात दोष हा तिचा एक प्रमुख भाग आहे. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाची नोंद शिक्षकांनी आपण होऊन त्यांच्यासमोर ठेवावी.

काय करता येते?

नसलेली ग्रंथी निर्माण करण्याचा उपाय आज रुग्णालयांत उपलब्ध नाही. ग्रंथी थोडी तरी असेल तर तिला चेतविणारी औषधे आहेत. मुळीच नसेल तर त्यांचा उपयोग नाही. पण लाळेचे काम दुसऱ्या मार्गांनी पुष्कळसे भरून काढता येते, आणि लवकर सुरुवात केली तर मूल आपल्या दातांनिशी मोठे होते.

पाण्याची बाटली सदैव जवळ हवी, वर्गातही. जेवण ओलसर हवे. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्यावी. दोन जेवणांच्या मध्ये गोळ्या, चॉकलेट, गोड सरबते नकोत. बुद्धपौर्णिमेची खीर त्याने जरूर खावी, मात्र जेवणाबरोबर खावी आणि लगेच खळखळून चूळ भरावी. चिंच, लिंबू, आंबट गोळ्या चघळल्याने तोंडाला पाणी सुटते खरे, पण लाळच नसेल तर ते आम्ल दातांवर तसेच राहते. मोठ्या मुलांनी साखरविरहित, झायलिटॉल असलेला गम चघळावा. औषधी दुकानात कृत्रिम लाळ मिळते. तिने काही वेळ आराम पडतो.

सर्वांत मोठा आधार फ्लोराइडचा. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. शिवाय दंतवैद्याकडून दर तीन ते सहा महिन्यांनी दातांवर फ्लोराइड वार्निश लावून घ्यावे आणि दाढांच्या खाचा बुजवून घ्याव्यात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील पालकांनी आपल्या पाण्याची गोष्ट दंतवैद्याला आधी सांगावी. डोळे कोरडे असतील तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण अश्रूंविना डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. श्रवणतपासणीही एकदा करून घ्यावी. पुढील अपत्याचा विचार करणाऱ्या पालकांना जनुकीय समुपदेशनाचा उपयोग होतो.

दोष कोणाचा?

असे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात काय चिरलेस? काय खाल्लेस? ग्रंथींच्या कळ्या फुटतात तेव्हा अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नुकती कोठे चाहूल लागलेली असते. जनुकातला बदल ग्रहणाने होत नाही, सुरीने होत नाही, कोणाच्या नजरेनेही होत नाही. टाळता येण्यासारखी काही थोडी कारणे जरूर आहेत. मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात घेतल्यास गर्भाच्या चेहऱ्याची आणि कानांची घडण बिघडते, आणि आईचा अनियंत्रित मधुमेहही गर्भाला घातक ठरतो. त्यासाठी स्त्रीला वेळेवर वैद्यकीय सल्ला मिळाला पाहिजे. तो न मिळणे हा तिचा अपराध नव्हे.

दुसरा आघात पूर्वजन्मीच्या कर्माचा. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्धांना हाच प्रश्न विचारतो : माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे आहेत, त्याविषयी आपले काय मत? भगवान पित्त, कफ, वात, ऋतुपालट, आघात अशी अनेक कारणे सांगतात आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे ठरवितात. त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेत दिलेले ते उत्तर होते. आज त्या जागी आपण जनुक, ऊती आणि रासायनिक निरोप हे शब्द वापरतो. विचाराची दिशा मात्र तीच आहे. कारण शोधावे, दोषारोप करू नये. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासून नाकारली. ज्या समाजाला शतकानुशतके ‘हे तुमच्या पूर्वकर्माचे फळ’ असे ऐकवले गेले, त्याने तेच वाक्य आपल्या घरातील लेकराला ऐकवावे, याहून मोठी विसंगती नाही.

वसतिगृहात प्रवेश घेताना प्रत्येक मुलाचे आरोग्यपत्रक भरले जाते. त्यात तीन साधे प्रश्न घालावेत, अशी आमची सूचना आहे : मूल कोरडे अन्न पाण्याशिवाय गिळते का? रडताना त्याला अश्रू येतात का? उन्हात त्याला घाम येतो का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर पत्रक मिटावे. एखादे जरी ‘नाही’ असेल तर त्या मुलाला डॉक्टरांकडे आणि दंतवैद्याकडे न्यावे, आणि तोवर त्याच्या बाकावर पाण्याची बाटली असू द्यावी.